दोन टेंगळांची गाडी

आमचे शेजारी सबनीस काका नव्या माणसाला नाव विचारत नाहीत, वजन विचारतात. मँचेस्टरच्या या घरात आम्ही सामान उतरवत होतो, तेव्हाच त्यांनी कुंपणावरून मला विचारलं. बायको शेजारीच उभी होती, म्हणून मी जरा कमी सांगितलं. "म्हणजे चार किलो जास्त धरू," काका शांतपणे म्हणाले. त्यांची सगळी नोकरी हॉस्पिटलात भूल देण्यात गेली. औषध वजनावर ठरतं आणि पेशंट खोटं सांगतात, हे त्यांना पाठ होतं.

रिटायर झाल्यावर पेशंट सुटले, पण वजनाचं वेड काही सुटलं नाही. ते सगळं एका गाडीवर येऊन बसलं. इटलीत साध्या माणसाला परवडावी म्हणून साठएक वर्षांपूर्वी काढलेली चिमुकली गाडी. इंजिन मागे, पुढे जेमतेम एक बॅग मावेल एवढी जागा. तिकडचे कारागीर म्हणे अशा गाड्यांचं मूळ अंग काढून टाकत, हाताने ठोकलेलं अ‍ॅल्युमिनियमचं अंग चढवत आणि त्यांना शर्यतीत पळवत. काकांनी तेच आपल्या गॅरेजमध्ये आरंभलं.

त्यासाठी त्यांनी काकूंचा स्वयंपाकघरातला काटा पळवला. गाडी ग्रॅम-ग्रॅमने हलकी व्हावी म्हणून हँडब्रेकला भोकं पाडली. दारांची हँडलं काढून चामड्याचे पट्टे लावले. डोकी आपटू नयेत म्हणून छपराला दोन टेंगळं काढली, तीही वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकून ठोकून. इंजिनाला वारा लागावा म्हणून मागचं झाकण अर्धवट उघडंच ठेवलं होतं. रस्त्याने जाणारा प्रत्येक इंग्रज थांबून डिकी उघडी राहिल्याचं सांगायचा, आणि काका प्रत्येकाचे आभार मानायचे. मी गंमत म्हणून बघायला गेलो आणि ते काम बघतच राहिलो. इतकं सुंदर काही मी कुणाला हाताने करताना पाहिलं नव्हतं.

आता मालतीकाकूंचं सांगायला हवं. त्या मिडवाइफ होत्या. तरुणपणी अशाच एका इटालियन गाडीतून बर्फातल्या घाटांतून बाळंतपणं करत हिंडल्या. काकांना ड्रायव्हिंग त्यांनीच शिकवलं, आणि काका ज्या मुंगीच्या वेगाने गाडी चालवतात ते पाहता तेवढा एकच विद्यार्थी त्यांच्या हातून वाया गेला असावा. दोन वर्षांपूर्वी राउंडअबाउटवर एक सायकलवाला काकूंच्या गाडीपुढे घसरला. त्याला फक्त खरचटलं, चूकही त्याचीच होती. पण काकूंनी घरी येऊन किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली ती टाकलीच. हळूहळू बाहेर जाणंही बंद झालं. गणपतीलासुद्धा आल्या नाहीत. आणि काका गॅरेजमध्ये ठोकत बसलेले. मला त्यांचा रागच यायचा.

एप्रिलमध्ये गाडी तयार झाली. मे महिन्यात जुन्या गाड्यांच्या एका क्लबची टेकडी चढायची शर्यत होती. एकेकाने वर जायचं, वेळ मोजायची. काकांनी मला सीटवर बसवून बघितलं. माझे गुडघे स्टिअरिंगला टेकले. काका तर माझ्याहून उंच.

"काका, तुम्ही यात मावणार कसे?"

"मी कुठे बसणारे? नाव तिचं दिलंय."

"काकूंना सांगितलंय?"

"नाही." ते पत्रा पुसत राहिले. "माणसाला झोपवणं सोपं असतं रे. तो जागा होईपर्यंत शेजारी बसून राहायचं, हे आमचं खरं काम. हलवून उठवायचं नसतं."

शर्यतीच्या दिवशी काकू धपाट्यांचा डबा घेऊन आल्या, काका शर्यतीत शेवटचे येणार याची खात्री बाळगून. गाडीभोवती एक चक्कर मारली. सहज म्हणून आत बसल्या. सीट, पेडल, स्टिअरिंग, सगळं त्यांच्या मापाचं. त्या बराच वेळ नुसता स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिल्या.

"हे कुणासाठी केलंत?" त्यांनी विचारलं.

"तुला नको असेल तर आपण धपाटे खाऊन घरी जाऊ," काका म्हणाले. "खरंच. माझी काही हरकत नाही."

काकूंनी हेल्मेट मागितलं.

गाडी किंचाळत सुटली आणि काकांनी टेकडीकडे पाठ केली. त्यांना बघवेना. मीच बघून सांगत होतो, पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, आता झाडांआड गेल्या. लाउडस्पीकरवर वेळ सांगितली ती त्या दिवसातल्या सर्वांत मंद वेळांपैकी होती.

थोड्या वेळाने काकू खाली आल्या. हेल्मेट काढलं तेव्हा केस चपटे झालेले, तोंड लालबुंद.

"अहो, दुसरा गिअर नीट पडत नाहीये," त्या म्हणाल्या. "आणि पहिलं वळण मी फार भीतभीत घेतलं. परत एकदा वर जाऊ का?"

दोन वर्षांत काकूंनी कशाबद्दल तक्रार केली नव्हती. काकांनी नुसती मान डोलावली आणि हातातल्या ऑइलच्या फडक्यानेच डोळे पुसले, त्यामुळे गालभर काळं झालं. ते दाखवायला मी काकूंकडे वळलो, पण त्या तोवर गाडी वळवून रांगेत जाऊन उभ्या राहिल्या होत्या.