आपल्याच इमारतीत गिऱ्हाईक

“तिथं मला ओळखतंय कोण? टोपी घालतो, गॉगल लावतो आणि बघून येतो!” दीनानाथ सरदेशपांडे बायकोला, हेमाताईंना, छातीठोकपणे म्हणाले.

हडपसरची ती आठमजली इमारत त्यांनी आयटी कंपन्यांसाठी बांधली होती. मंदी आली, जागा घेणारी कंपनी पळाली, हप्ते थकले आणि बँकेनं इमारतीला कुलूप ठोकलं. आता लिलाव! इमारत गळकी आहे, दुरुस्ती होईपर्यंत लिलाव थांबवा, असा अर्ज त्यांच्या वकिलांनी कर्जवसुली न्यायाधिकरणात केला होता. ‘तिकडे फिरकू नका,’ अशी तंबीही दिली होती. पण दीनानाथांना स्वप्नातसुद्धा तिचे जिने दिसत, त्याला काय करणार?

बँकेच्या उल्का मॅडम गिऱ्हाइकांना जागा दाखवत होत्या. दीनानाथ त्या घोळक्यात घुसले.

“वरून गळतंय म्हनं,” जमीन विकून पैसा आलेले तात्याराव म्हणाले. “आन् भिताडं पोकळ हायती.”

“पोकळ?” दीनानाथ उसळले. “वाजवून बघा! अहो, जोरात वाजवा! गच्चीत पाणी कोंडून पाहिलंय, थेंब खाली उतरला नाही!”

मग कुठली टोपी आणि कुठला गॉगल! लेक दाखवायला बसलेल्या बापासारखे ते जिने, खिडक्या, फरशा यांचे गुण गात सुटले.

“पावनं, मग घेतोच मी!” तात्याराव खूश होऊन निघून गेले. बाकीचेही पांगले.

उल्का मॅडम थांबल्या. “झालं का, सरदेशपांडे?”

“तुम्ही... ओळखलंत?”

“कर्जाच्या फाइलवर आपलाच फोटो आहे. गळतीचं आता न्यायाधिकरणात आपण सांगणार, की मी सांगू?”

दीनानाथ पायरीवर बसले. “काय सांगायचं ते सांगा, मॅडम. फक्त एकदा वर जाऊन येऊ?”

मॅडमनी किल्ली पुढे केली. “जिन्यानं जा. लिफ्टचं वीजबिल आपणच थकवलंय.”

वरचं दालन रिकामं होतं. इथं पोरापोरींची लगबग असेल, चहाच्या वेळी हसण्याचा गलका होईल, असं त्यांनी किती वेळा मनात पाहिलं होतं! समोरच्या इमारतीत तशीच पोरं चहा पीत उभी होती. दीनानाथांनी रुमालानं काच पुसली आणि उगाचच त्यांना हात केला. एका पोरीनं हसून हात हलवला.

घरी हेमाताईंनी विचारलं, “कशी आहे हो?”

“फार देखणी झालीय गं,” दीनानाथ म्हणाले. “विकून आलो.”