मनोऱ्यावर पाच लिटर ताक

जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, पालीचे दत्तूनाना शहरातल्या निरीक्षण मनोऱ्याच्या दारात पाच लिटर ताकाचा कॅन घेऊन उभे राहिले. रखवालदाराने त्यांना अडवलं.

"बाहेरचं खाणंपिणं वर चालत नाही, बाबा."

"ह्ये बाहेरचं न्हाई, घरचं हाय. वर मानसं तानेली असत्याल, त्यांना काय देतोस तू?"

मी नानांचा शेजारी. त्यांना तिथवर मीच नेलं होतं. राजगडाच्या पायथ्याचा हा माणूस तीस वर्षं, दर शनिवार-रविवार, बायकोबरोबर गडावर ताक विकत असे. "उंचावर रिकाम्या हातानं जाऊ न्हाई" हा त्यांचा नियम. गावच्या पाण्याच्या टाकीवर कुणी दुरुस्तीला चढला, तरी नाना दोरीने तांब्या वर पाठवत. गडावर आलेल्याचं आधी कपाळ बघायचे. घाम नसला तर म्हणायचे, "आजून पोचला न्हाईस तू. बस जरा."

तीन वर्षांपूर्वी बायको गेली. त्याच पावसाळ्यात नानांचे गुडघे गेले आणि गड बंद झाला. मनोऱ्याला लिफ्ट आहे, असं मी सहज बोललो. त्यानंतर महिनाभर त्यांनी माझा पिच्छा सोडला नाही. एकदा उंचावर बसून कुणाला तरी ताक द्यायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

रखवालदाराने शेवटी कंटाळून सोडलं. वर नानांनी बाकावर स्टीलचे दोन गिलास मांडले. लोक काचेपाशी फोटो काढत होते. तासाभरात एकानेही ताक घेतलं नाही.

"एकाच्या बी कपाळाला घाम न्हाई," नाना म्हणाले. "कशाला पित्याल?" त्यांनी झाकण लावायला घेतलं.

तेवढ्यात जिन्याचं दार उघडलं. काचा पुसणारी बाई बादली घेऊन आत आली. लिफ्ट पाहुण्यांसाठी; ती पायऱ्या चढून आली होती आणि धापा टाकत होती.

"बाय, हितं बस. घे."

तिने उभ्यानेच गिलास संपवला. दुसरा मागितला.

"आजींच्या हाताला चव आहे हो."

"म्याच केलंय. तिच्यावानी न्हाई जमत."

"नाव काय त्यांचं?"

वीस वर्षांच्या शेजारात मी नानांच्या तोंडून फक्त 'आमची मंडळी' एवढंच ऐकलं होतं.

"पारू," नाना म्हणाले, आणि बाईचा गिलास पुन्हा भरला.