‘या’ म्हटल्याशिवाय

दाजी आगाशे कुणाच्याही घरी गेले की दाराबाहेर उभे राहायचे आणि ‘या’ म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत. ‘बसा’ म्हटलेलं चालायचं नाही, ‘अहो, उन्हात काय उभे?’ हेही चालायचं नाही. ‘या’च पाहिजे, आणि तेही घरच्या माणसाने म्हटलेलं. एकदा आमच्या सौभाग्यवतींनी आतूनच ‘कोण ते?’ विचारलं, दाजींनी ‘मी आगाशे’ म्हणून सांगितलं आणि त्या पुन्हा फणसाचे गरे काढायला बसल्या. मी शाळेतून परतलो तेव्हा दाजी अंगणात छत्री टेकून उभे होते आणि शेजारची माणसं, आमच्याकडे कुणी गेलं की काय, म्हणून चौकशीला आली होती.

त्या काळी मुंबईला जायचं तर मांडवी बंदरातून आगबोट होती आणि समाजसेवा करायची तर आमचं निराश्रित निवारा मंडळ होतं. ज्यांना घर नाही त्यांना घर द्यायचं, हा मंडळाचा हेतू. त्याचं पहिलं वर्ष ‘निराश्रित’ म्हणावं की ‘निराधार’, या वादात गेलं. अध्यक्ष रावसाहेब नामांकित वकील. आधार गेला तरी आश्रय राहू शकतो, असा त्यांचा मुद्दा होता. तो निकालात निघेपर्यंत ज्या दोन म्हाताऱ्यांसाठी अर्ज आला होता, त्यांतली एक वारली. मग लोकांकडे मदत मागितली. गावाने घरात नको असलेलं सगळं सढळ हाताने दिलं. काटे नसलेलं घड्याळ आलं, एक पाळणा आला, हात मोडलेल्या खुर्च्या तर ढिगाने आल्या. मी मंडळाचा सहचिटणीस, म्हणजे सभेला त्या खुर्च्या मांडणारा.

अखेर परटवण्याच्या चढावर जांभ्या चिऱ्याच्या चार खोल्या उभ्या राहिल्या. देणगीदारांच्या नावांची पाटी दारापेक्षा रुंद झाली, तेव्हा ती दोन खोल्यांवर मिळून लावली. देखरेखीला बिनपगारी माणूस हवा होता. रावसाहेबांनी दाजींना नेमलं, कारण घरं आतून पाहिलेला असा माणूस गावात दुसरा नव्हता. दाजी दिवाणी कोर्टातले निवृत्त बेलीफ. निकाल लागला की लोकांच्या घरात शिरायचं, भांडीकुंडी बाहेर, माणसं बाहेर, आणि दाराला कुलूप, हे त्यांनी उभा जन्म केलेलं. बोलण्यात अजून कोर्ट होतं. आमटी खारट झाली आहे, हेसुद्धा ते ‘पंचांसमक्ष सांगतो’ म्हणून सांगायचे.

खोल्यांत राहायला आलेली माणसं जन्मभर दुसऱ्याच्या गोठ्यात आणि पडवीत निजलेली. दाजी दारात उभे राहिले की ती धडपडत बाहेर यायची आणि ‘मालक’ म्हणून हात जोडायची. दाजी हलायचे नाहीत.

‘घर कुणाचं?’ ते विचारायचे.

‘मंडळाचं.’

‘चूक,’ म्हणायचे आणि पुढच्या दारात जाऊन उभे राहायचे. असं रोज. ‘तू या म्हटल्याशिवाय आत कुणी येणार नाही. मी नाही, रावसाहेब नाहीत, कलेक्टर नाही,’ हे त्यांचं व्याख्यान. रावसाहेब म्हणाले, म्हातारा चळला. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

टोकाच्या खोलीत भागी नावाची कुणबी म्हातारी होती. तिची सगळी माणसं तापाच्या साथीत गेलेली. तिला हा धडा सगळ्यांत उशिरा आला. पहिल्यांदा तिने ‘या’ म्हटलं ते इतकं हळू, की दाजींनी ते पुन्हा म्हणवून घेतलं. त्या दिवशी चढ उतरताना दाजी स्वतःशी हसत होते. मग एकदम म्हणाले, ‘मास्तर, एवढ्या घरांत शिरलो, पण ‘या’ असं कुणी म्हटलं नाही. म्हणतील तरी कसे? आमच्या हिला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं नाही. तिला वाटायचं, लोक विसरतात. मीही तिला तसंच सांगायचो.’ त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पुढे मुंबईचे एक शेठ खोल्या पाहायला आले. आणखी चार खोल्या बांधून द्यायचा त्यांचा विचार होता. रावसाहेब जरीचा रुमाल बांधून पुढे, शेठ मागे, त्यांच्यामागे दाजी, आणि सर्वांत मागे शेठना बसायला म्हणून खुर्ची घेतलेला मी. रावसाहेबांनी भागीचंच दार निवडलं, कारण पाटी तिथे होती. त्यांनी पंपशू उंबऱ्यावर टेकवला, तोच आतून भागी म्हणाली, ‘वाईच थांबा. सारवान वलं हाय.’

रावसाहेबांना वाटलं, हिने ओळखलं नाही. त्यांनी आपलं नाव पदवीसह सांगितलं. भागीने ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘व्हय. पन वलं हाय. मी या म्हनंन, मग या.’ आणि पुन्हा शेणाचा हात फिरवू लागली.

ऊन असं होतं की बोलायची सोय नव्हती. शेठ घाम पुसत होते, रावसाहेब पाटीवरचं स्वतःचं नाव वाचत होते, दाजी मात्र छत्री टेकून निवांत उभे होते, त्यांना सवय होती. एवढ्यात बंदरावर बोटीचा भोंगा झाला. शेठ घाईने निघून गेले आणि नव्या चार खोल्याही त्यांच्याबरोबर गेल्या.

त्याच संध्याकाळी तातडीची सभा भरली. इतकी हजेरी मी आधी कधी पाहिली नव्हती. म्हातारी मंडळाच्या उपकाराला जागली नाही, सबब तिला खोलीतून काढावी, असं ठरलं. दाजी काही बोलू लागले तर रावसाहेब म्हणाले, ‘हे काम तुमच्याकडेच, दाजी. तुम्हाला सवय आहे.’ सभेला हसू आलं. दाजी खाली बसले.

दुसऱ्या दिवशी मी दाजींबरोबर गेलो. भागीच्या दारात ते नेहमीसारखे उभे राहिले, पण छत्री टेकायला विसरले. आत चूल पेटलेली होती. भागीने मान वर केली.

‘आलास?’ ती म्हणाली. ‘कवाधरनं वाट बगतंय मी. पाय पूस नि ये, सारवान वाळलंय.’

दाजी जागचे हलेनात. ‘या’ काही आलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, ‘मास्तर, हे ‘या’त धरायचं का?’

‘‘या’ पाहुण्याला म्हणतात, दाजी,’ मी म्हटलं.

त्यांनी पाय पुसले, पुन्हा पुसले, आणि आत गेले. भागीने त्यांच्यापुढे पेजेची वाटी सरकवली आणि एवढा वाळलास कशाने, म्हणून त्यांना फैलावर घेतलं. मी बाहेरच थांबलो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली, तिच्यापुढे दाजींनी उभं राहून सांगितलं, की कब्जा घेता आला नाही. रावसाहेबांनी कारण विचारलं.

‘पंचांसमक्ष सांगतो,’ दाजी म्हणाले. ‘नात्यातल्या माणसाच्या घरी बेलीफ जप्तीला जात नाही. म्हातारी माझ्या नात्यातली आहे.’

‘तुमच्या? कधीपासून?’

‘कालपासून,’ दाजी म्हणाले, आणि छत्री घेऊन परटवण्याच्या वाटेला लागले.