बिनपायऱ्यांचं घर

बळीराम ठोसरांनी घर बांधायला काढलं तेव्हा त्यांना कोणाच्याही सल्ल्याची गरज वाटत नव्हती. फॅक्टरीच्या तपासणी विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. केसाएवढा फरक असलेला सुटा भागही ते नुसत्या बोटाने ओळखून बाजूला ठेवत. शिवाय निवृत्तीनंतर दोन वर्षं ते जबलपूरभर लोकांची नवी घरं बघत हिंडले होते. याच्या न्हाणीचं पाणी उलटं दाराकडे येतं, त्याचा फ्रिज स्वयंपाकघरात शिरत नाही म्हणून बैठकीत पाहुण्यासारखा उभा आहे, असं काय काय बघून ते घरी येत आणि जेवताना बायकोला सांगत.

"लोक आधी घर बांधतात अन् मग विचार करतात. मी उलटं करून राहिलो," ते म्हणत.

विचार तसा एकच होता. सत्यभामाबाईंचे दोन्ही गुडघे गेले होते. राइट टाउनमध्ये ते भाड्याने तिसऱ्या मजल्यावर राहत, लिफ्ट नाही. बाई वर्षातून दोनदा खाली उतरत, एकदा डॉक्टरकडे जायला आणि एकदा गणपतीत. बाकी वर्षभर त्यांना शेजारणींचे चेहरे दिसत नसत, फक्त भांग दिसत. भाजीवाला खालून ओरडे, बाई दोरीला बांधून पिशवी सोडत, आणि वर आलेली मेथी पिवळी निघाली तरी ती परत करायला कोण उतरणार म्हणून तशीच शिजवत.

"मला दारात बसून भाजी निवडायची आहे," त्या म्हणाल्या होत्या. "येणाऱ्या-जाणाऱ्याशी तोंडासमोर बोलायचं आहे. बाकी तुम्ही काय बांधायचं ते बांधा."

"एक पायरी राहणार नाही," बळीराम म्हणाले. "लिहून घे माझ्याकडून."

प्लॉट तिलवाऱ्याच्या बाजूला, नव्या कॉलनीत होता. रस्ता अजून व्हायचा होता, विजेचे खांब तेवढे उभे होते. बळीरामांचा हिशेब चोख होता. जोतं एक फूट उंच. एक फूट चढायचं तर सोपा उतार बारा फुटांचा हवा, आणि फाटकापासून दारापर्यंत बरोबर बारा फूट जागा होती. सत्यभामा त्यावरून बागेत फिरल्यासारखी आत जाईल.

कढोरी मिस्त्रीने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाबूजी, काली मिट्टी है. बारिश में पानी भरेगा. दो फुट तो रखो."

दोन फूट म्हणजे उतार थोडा उभा होईल. पण काळ्या मातीपुढे कोणाचं काय चालतं? बळीराम दोन फुटांना तयार झाले.

त्याच आठवड्यात शेजारच्या प्लॉटवर रेल्वेतून निवृत्त झालेल्या चंद्रशेखर मुळ्यांचं काम सुरू झालं. एका सकाळी बळीराम जाऊन बघतात तो मुळ्यांचं जोतं तीन फूट.

"सहज हो," मुळे म्हणाले. "थोडं उंच असलेलं बरं."

बळीराम घरी येऊन जेवले नाहीत. मुळ्यांचं अंगण उंच म्हणजे मुळ्यांचा पाऊस आपल्या बैठकीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रीला तीन फूट सांगितले, आणि वर विटांचा एक थर, सहज. मुळ्यांनी संध्याकाळी दोन थर चढवले. दोघं रोज सकाळी एकमेकांना अत्यंत आदराने नमस्कार करत आणि पाठ वळली की पट्टी काढून मोजत.

तेवढ्यात बळीरामांना खांबावर एक खूण दिसली.

विजेच्या खांबावर साडेचार फुटांवर लाल रंगाची आडवी रेघ होती. पुढच्या खांबावर तशीच, त्याच्या पुढच्यावर तशीच. नेमकी एका पातळीत. चौतीस वर्षं खुणा वाचलेल्या माणसाला कोणाला विचारायची गरज पडली नाही. हा उद्याचा रस्ता. रस्ता साडेचार फूट वर येणार, आणि ज्यांची जोती खाली राहतील त्यांची घरं विहिरी होणार.

त्यांनी ही गोष्ट मुळ्यांना सांगितली नाही. गुपचूप मुरूम मागवला, भराई केली आणि जोतं रेघेच्या पातळीला नेलं. रस्ता आला की दार थेट रस्त्याला लागेल, उताराचीही गरज नाही. ट्रकभर मुरूम गुपचूप कसा येणार? मुळ्यांनी पाहिलं, रेघ पाहिली आणि तेही वर आले. मग समोरचे, मग कोपऱ्यावरचे. महिन्याभरात अख्खी गल्ली ओट्यावर चढून बसली.

स्लॅब पडला, गिलावा झाला, फरशी बसली. आणि एका दुपारी एक रंगारी सायकलवर डबा अडकवून आला. त्याने खांबाला खालपासून लाल रेघेपर्यंत पांढरा रंग दिला. मग पुढच्या खांबाला. मग त्याच्या पुढच्या.

"ये क्या कर रहे हो, भैया?" बळीरामांनी विचारलं.

"पुताई, बाबूजी. रात में गाड़ी न ठुके. निशान लगा गए थे, यहीं तक सफेद करना है."

बळीराम वाळूच्या ढिगावर बसले. शेजारच्या ओट्यावर मुळे उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं. ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

साडेचार फुटांना सोपा उतार चौपन्न फुटांचा हवा. तो फाटकाबाहेर पडून, रस्ता ओलांडून, समोरच्या माणसाच्या मोरीपर्यंत गेला असता. तरी बळीरामांनी बारा फुटांतच उतार करून घेतला. मिस्त्रीने त्यावर सिमेंटच्या पोत्याची हातगाडी चढवून पाहिली. अर्ध्यावर त्याचा पाय सरकला. गाडी एकटीच परत आली आणि नवीन फाटक घेऊन रस्त्यावर गेली.

"माताजी इस पे नहीं चढ़ पाएँगी," कढोरी हळूच म्हणाला.

उतार फोडला. त्या जागी नऊ पायऱ्या झाल्या.

हे सगळं सत्यभामाबाईंना सांगायचं राहून गेलं. म्हणजे बळीराम रोज ठरवत आणि रोज जिना चढून आल्यावर दम लागला म्हणून थांबत. बाईंनी जागा पाहिलीच नव्हती. ते मोबाइलवर फोटो दाखवत: ओटा, खिडकी, देवघराचा कोनाडा.

"बाहेरून नाही काढला काहून?"

"रंग व्हायचा आहे."

"दार तरी दाखवा."

त्यांनी दाराचा दाखवला, आतून काढलेला. बाईंनी तो बोटांनी मोठा करून बघितला. "इथं बसीन मी," त्या म्हणाल्या. बळीरामांनी चष्मा पुसला.

वास्तुशांतीच्या दिवशी रिक्षा फाटकाशी थांबली. गुरुजी वर दारात उभे होते, मुळे पतिपत्नी होते, कढोरी नवा शर्ट घालून आला होता. सत्यभामाबाई उतरल्या आणि मान वर करून बघत राहिल्या.

"हे कोणाचं होय?"

"आपलं," बळीराम म्हणाले.

बाईंनी ओठ हलवत पायऱ्या मोजल्या. मुळ्यांनी खुर्ची आणली, चौघं उचलतो म्हणाले. बाईंनी हाताने नको म्हटलं. त्या वळल्या, पहिल्या पायरीवर पाठमोऱ्या टेकल्या, दोन्ही हात मागच्या पायरीवर रोवले आणि बसल्या-बसल्या एक पायरी वर सरकल्या. नवी हिरवी पैठणी सिमेंटवर घासली. गुरुजींनी मंत्र थांबवला.

बळीराम खालीच उभे होते. मग तेही धोतर सावरून बायकोशेजारी टेकले आणि तसेच मागे मागे सरकू लागले. पाचव्या पायरीवर बाई थांबल्या. त्यांच्या कपाळावरून घाम चालला होता.

तिथं बसून बळीरामांनी सगळं सांगितलं. मुळे, मुरूम, खांब, रंगारी.

"खांबाला विचारलं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मला काहून नाही विचारलं?"

"तुला कशाला त्रास, म्हटलं."

"मला इथं एकदा आणून उभी केली असती, तर मी गुडघ्यानं सांगितलं असतं."

दोघं उरलेल्या चार पायऱ्या चढले. बाईंनी उंबऱ्यावरचं माप हाताने ढकललं, कारण पाय तोवर उचलत नव्हता.

त्या दिवसापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. दारात बसतात, भाजी निवडतात. जाणाऱ्याचं डोकं त्यांच्या पावलांशी येतं. कोणी बोलायला थांबलंच तर मान दुखते म्हणून लवकर निघतं.

गेल्या महिन्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकाचा रिकामा प्लॉट विकला गेला. बँकेत बदलून आलेला वेदांग नावाचा मुलगा आणि त्याची बायको बळीरामांकडे आले. काका, तुम्ही स्वतः उभं राहून बांधलंत, आम्हाला दोन गोष्टी सांगा, म्हणाले. बळीरामांचा जीव सुपाएवढा झाला. त्यांनी तासभर सांगितलं. विटा रात्रभर भिजवा, स्लॅबवर पाणी धरा, नळाचे पाइप झाकायच्या आधी फोटो काढून ठेवा. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अन् मुख्य म्हणजे, ज्याच्यासाठी बांधून राहिले त्याला आधी प्लॉटवर नेऊन बसवा. त्यालाच विचारा. शेजाऱ्याचं बघू नका."

वेदांगने प्रत्येक शब्द मोबाइलमध्ये टिपून घेतला. त्याची बायको आत सत्यभामाबाईंच्या पाया पडून आली. पायऱ्या उतरताना तो अर्ध्यावर थांबला, वळला आणि जोत्यावरून प्रेमाने हात फिरवला.

"आमच्या आईचेही गुडघे दुखतात, काका, म्हणून नीट विचार केलाय," तो म्हणाला. "तुमच्यापेक्षा फूटभरच वर घेतोय."