कायम अळी

कीटक संशोधन संस्थेच्या नव्या संचालकांनी रुजू होताच विचारलं, "अळी कात टाकते, ती कोणाच्या आदेशाने?"

प्रयोगशाळेतली कनिष्ठ सहायिका, आमची ताई, कौतुकाने सांगू लागली. "सर, आधी मेंदूतून एक संप्रेरक सुटतं. ते छातीतल्या ग्रंथीला जागं करतं. ग्रंथी दुसरं सोडते, मग जुन्या कातडीखाली नवी तयार होते. शेवटी आणखी एकदोन संप्रेरकांचा हुकूम आला, की अळी अंगाला पीळ देत बाहेर पडते."

"वरून आदेश, मधे शिफारस, खाली अंमलबजावणी. म्हणजे आपलंच कार्यालय की!"

"शिवाय बालसंप्रेरक असतं. ते अंगात आहे तोवर कितीही कात टाकली तरी अळी अळीच राहते. ते आटलं की कोष, मग पतंग."

साहेब सरळ बसले. "आणि आटूच दिलं नाही तर?"

बिचारीने खरं उत्तर दिलं आणि तिथेच माशी शिंकली.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक अळीच्या पाठीवर बालसंप्रेरकाचा थेंब पडू लागला. अळ्या कात टाकून पुन्हा अळ्याच व्हायच्या, टम्म फुगायच्या, पानांचा फडशा पाडायच्या. 'वाढ समाधानकारक', असं आम्ही अहवालात लिहिलं. पतंगाचं काय, पंख फुटले की उडून जातो. अळी कशी गुमान डब्यात बसते!

ताईच्या कंत्राटाची मुदत संपत आली तेव्हा ती म्हणाली, "सर, आता तरी कायम करा. मुलगा कॉलेजात गेला, मी अजून कनिष्ठच."

"अगं, प्रगती होतेय की तुझी! आजपासून तू वरिष्ठ कनिष्ठ सहायिका."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच, माझीही मुदत संपत होती ना.

पुढच्या वर्षी ती अतिवरिष्ठ कनिष्ठ झाली. त्या दिवशी ती फळीवरच्या डब्यांकडे बघत म्हणाली, "सर, या फुगलेल्या अळ्यांना आता कात फाडता येत नाहीये. आतल्या आत मरतायत."

"मग दुसऱ्या आणू," साहेब म्हणाले.

ताईने ॲप्रन काढून टेबलावर ठेवला आणि चालती झाली. तिचा मला भयंकर हेवा वाटला.

जागेची जाहिरात निघाली. फाटकाबाहेर ही रांग! तुम्हीही होतात की त्यात. "पद कनिष्ठच राहील, चालेल?" साहेबांनी विचारलं, आणि सगळ्यांच्या आधी हात तुमचा वर गेला. रुजू कधी व्हायचं, एवढंच विचारलंत. कायम कधी करणार, ते नाही.