अप्पांचं जांभूळ

"अप्पा आज बी त्या लाकडावर छत्री धरून बसल्यात," मुनीरचाचा करवतीचा पट्टा पुसत हमालाला म्हणाले. "जावयाची बी एवढी बडदास्त न्हाई ठेवत कोण."

मी बिलाच्या काँप्युटरमागून हळूच पाहिलं. आमच्या वखारीचे मालक शिवाप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, खरंच जांभळाच्या ओंडक्याशेजारी स्टूल टाकून बसले होते. स्वतः उन्हात, ओंडका सावलीत.

गडमुडशिंगीच्या रस्त्यावरची ही वखार. सागवान आलं की हातातली विडी विझायच्या आत अप्पा ते कसं कापायचं सांगून मोकळे होतात. पण जांभूळ, चिंच, शिरीष, म्हणजे गिऱ्हाईक ज्याच्याकडे वळूनही बघत नाही असं लाकूड आलं की त्यांची झोप उडते.

"सागाला वशिला असतोय की," ते म्हणतात. "त्येचा तुकडा बी खपतोय. ह्येला कोण हाय? एकदा चुकलं की गेलं बंबात."

मग ते खडूनं रेघ मारतात, थुंकीनं पुसतात, दुसरी मारतात. तडकू नये म्हणून टोकांना शेण लिंपतात, ओलं पोतं बांधतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत ओढतात. "पावणं, तुमी असता तर कुठनं फाडला असता?" विजेचं मीटर बघायला आलेला एकजण घाबरून "मी नवीन आहे" म्हणाला होता.

मला मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांचंही बरोबर आहे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली; कुणी काही विचारलं की माझ्या डोक्यात आधी इंग्रजी वाक्य तयार होतं, मग त्याचं मराठी, आणि तोवर समोरचा निघून गेलेला असतो.

पण मला दिसतं. ओंडक्याचं तोंड माझ्या खुर्चीसमोरच होतं. आला तेव्हा त्याला केसाएवढा तडा होता. आता तो शेणाचा थर फोडून दोन्हीकडे सालीपर्यंत पोचला होता. ओंडका गोल नव्हता, अंड्यासारखा लांबट होता. रुंद फळ्या हव्यात तर लांबट बाजूनं कापायचं, आणि तडा नेमका तिला आडवा. तसं कापलं तर प्रत्येक फळी मधोमध चिरलेली निघणार. तड्याच्या रेषेत कापलं तर फळ्या अरुंद, पण धड.

त्याच दिवशी अप्पांनी रुंद फळ्यांसाठी रेघ मारली.

"अप्पा, समद्या चिरतील," मुनीरचाचा म्हणाले.

"वरच्यावर असंल तडा. आत गेला नसंल."

"आन् गेला असंल तर?"

"चढीव म्हणतोय न्हवं!"

ओंडका करवतीच्या गाडीवर चढला. अप्पा पाणी प्यायला माझ्या टेबलाशी आले. घाईत निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. मी काही विचारलं नव्हतं, तरी बोलले.

"टेबल करायचंय, पोरी. जेवायचं. वाटणी झाल्यापास्नं माझी दोन पोरं एका जागी जेवली न्हाईत. थोरला आला की धाकटा येत न्हाई. एका अखंड फळीवर जेवाय बसवायचंय दोघांना. मधी सांधा नको बघ. सांधा दिसला की परत त्येच आठवंल."

म्हणजे या वेळी छत्री त्यासाठी होती. शेण, पोतं, सगळं त्यासाठी.

अप्पांनी तोंड पुसलं, वळले आणि मुनीरचाचांना हात केला. पट्टा फिरायला लागला. आधी घरघर, मग तो कानात घुसणारा सूर. ओंडका रुळावरून पुढे सरकू लागला. डोक्यात इंग्रजी वाक्य तयार व्हायला लागलं, तसं मी ते तिथेच सोडलं. उठले. खुर्ची मागे पडली.

"थांबा!"

मुनीरचाचांनी खटका पाडला. हमालांनी माना वळवल्या. अप्पा तर असे बघत होते, जणू ओंडकाच बोलला होता.

"तड्याच्या रेषेत कापा, अप्पा," मी म्हणाले. "अरुंद फळ्या जोडू. सांधा दिसला तर दिसू दे. जेवायला टेबल तरी राहू दे."