निर्विकार माणसाची दाढ

मी अत्यंत शांत माणूस आहे. हे माझं स्वतःचं मत आहे आणि त्याला घरात कोणाचाही पाठिंबा नाही, पण म्हणून ते खोटं ठरत नाही. शेअर बाजारात पैसे घालणाऱ्या हौशी लोकांचा आमचा एक ग्रुप आहे. तिथे खरं नाव कोणीच लावत नाही, कारण घरच्यांना कळू नये हीच सगळ्यांची मुख्य काळजी. मी नाव घेतलंय 'निर्विकार'. माझं तत्त्व सरळ आहे. शेअर सडायला लागला की भावनेत अडकायचं नाही, काढून टाकायचा आणि मोकळं व्हायचं.

ग्रुपचं नाव 'शांत गुंतवणूकदार'. सकाळी मोबाइल उघडावा तर तोवर निम्म्या मंडळींनी उरलेल्या निम्म्यांची अक्कल काढलेली असते. गुंतवणुकीबद्दल बोलणं होतच नाही असं नाही, पण ते दोन भांडणांच्या मधल्या वेळात. खरं सांगतो, कंटाळलोय मी. पार विटलोय. कितीदा वाटलं, सोडून द्यावा हा ग्रुप. पण मी सोडला तर 'कासव'ला वाटेल की तो जिंकला.

हा कासव कोण, कुठला, देव जाणे. त्याचं म्हणणं असं की एकदा घेतलेलं विकायचंच नाही, धीर धरायचा. 'धीर धरा' हे दोन शब्द तो इतक्या घाईघाईनं लिहितो की त्याच्या मागे कुत्रं लागलंय की काय असं वाटावं.

आता दाढेकडे वळतो. उजवीकडची खालची. ती बरेच दिवस ठणकत होती आणि मी डावीकडून जेवत होतो. आपोआप बरी होईल असं माझं मत होतं. शेवटी बायकोनंच पलीकडच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात माझं नाव नोंदवलं. तिथे रूट कॅनाल करणारे वेगळे डॉक्टर बाहेरून येतात, आठवड्यातून एकदाच. आज वेळेत गेलास तर दाढ वाचेल असं तिनं बजावलं. आणि तिथे मोबाइल काढायचा नाही असंही.

दाढ वाचावी ही माझी मनापासूनची इच्छा होती. आमच्या घराण्यात इस्टेट म्हणावी अशी दातांशिवाय काही नाही. वडील शेवटपर्यंत सगळे दात राखून होते, आजोबाही. माझ्यापासून ओहोटी लागावी हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मी वेळेवर पोहोचलो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात कुरकुरणारा पंखा आणि काउंटरवर आ वासून बसलेली प्लास्टरची कवळी. माझ्या आधी एक मावशी होत्या, त्या आत गेल्या. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या की आधी आमचे सर तपासतील आणि मग लगेच शेजारच्या खोलीत रूट कॅनाल सुरू होईल. सगळं कसं छान जुळून आलं होतं. म्हणून मी मोबाइल काढला.

पंखे बनवणाऱ्या एका कंपनीचा शेअर त्या दिवशी आपटला होता. कासवनं लिहिलं होतं, घाबरट लोक विकतील, शहाणे धीर धरतील. घाबरट म्हणजे मी, हे ग्रुपमध्ये सांगावं लागत नाही. मी अगदी निर्विकारपणे उत्तर दिलं, की सडलेलं सांभाळत बसण्याला धीर म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

त्यावर कासवचं भलंमोठं उत्तर आलं. मी त्याहून मोठं दिलं. मधेच लक्षात आलं, की आतला मशीनचा घूं घूं आवाज बंद पडलाय. चौकशी केली तर बाई म्हणाल्या, "सर जरा कोणाला तरी उत्तर देतायत. महत्त्वाचं असावं." मला बरं वाटलं. पेशंटला आवर्जून उत्तर देणारे डॉक्टर हल्ली राहिलेत कुठे?

थोड्या वेळानं मावशीच बाहेर आल्या. तोंडात कापूस, गळ्यात तो कागदी रुमाल. कापूस बाजूला करून त्या म्हणाल्या, "अहो बाई, मी केव्हाची आ करून बसलेय. त्यांना आठवण करून द्या की मी आहे म्हणून." बाईंनी त्यांना समजावत परत आत नेलं. मला फार कीव आली त्यांची. डॉक्टरांचा रागही आला. पण डॉक्टरांवर काढता येईना, म्हणून तो मी कासववर काढला. लिहिलं, तुमच्यासारख्यांच्या हातात पैसे सोडाच, दुसऱ्याची छत्रीसुद्धा देऊ नये.

हे जरा लागलं असावं. कासव उसळला. त्यानं माझी अक्कल, शिक्षण आणि संस्कार एकाच वाक्यात बसवले.

एवढ्यात शेजारच्या खोलीतून एक तरुण डॉक्टर बॅग खांद्याला लावून बाहेर आले. "आहे का अजून कोणी?" त्यांनी विचारलं. बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, की हे आहेत, पण सरांनी अजून बघितलं नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं. दुसऱ्या दवाखान्यात पेशंट खोळंबलेत म्हणाले आणि निघाले. मी संस्कारांवर मुद्देसूद उत्तर लिहीत होतो. मान वर न करता मी पाय आत घेतले आणि त्यांना जायला वाट करून दिली.

शेवटी माझा नंबर आला. डॉक्टर पन्नाशीचे, थकलेले, आणि कानाच्या पाळ्या लालबुंद. त्यांनी दाढेचा फोटो काढला आणि सुस्कारा सोडला.

"वाचली असती हो. मघाशीच बघितलं असतं तर आजच काम सुरू झालं असतं. पण ते डॉक्टर आत्ताच गेले. आता पुढच्या आठवड्यात."

"मग थांबू या की," मी म्हणालो.

"आत पू झालाय. आठवडाभर झोप लागायची नाही तुम्हाला. माझं ऐका, काढून टाका."

"गोळ्यांनी नाही का भागणार? इतकी वर्षं जपलीय मी ती."

"सडलंय ते. भावनेत अडकू नका."

हे शब्द ओळखीचे वाटले, पण त्याच वेळी अशी कळ आली की मी मुकाट्यानं तोंड उघडलं. त्यांनी भुलीचं इंजेक्शन दिलं. जीभ जड होईपर्यंत ते स्टुलावर टेकले आणि बोलू लागले.

"माफ करा, तुम्हाला ताटकळत ठेवलं. आमचा एक गुंतवणुकीचा ग्रुप आहे. त्यात निर्विकार नावाचा एक प्राणी आहे."

माझं तोंड उघडंच होतं. ते आणखी उघडलं.

"आज त्यानं पार हद्द केली. म्हणतो, माझ्या हातात छत्रीसुद्धा देऊ नये." हे ते माझा जबडा त्याच हातात धरून सांगत होते. "मलाही राहवलं नाही, उत्तर देत बसलो. त्यात तुमची दाढ गेली. मूर्ख आहे की नाही तो, तुम्हीच सांगा."

मी "आँ" एवढंच म्हणालो. त्यांना तो दुजोरा वाटला.

"दमलो हो मी," चिमटा उचलत ते हळूच म्हणाले. "रोज ठरवतो, सोडायचा हा ग्रुप. पण मग त्याला वाटेल की तो जिंकला."

मला एकदम भरून आलं. जगात मला इतकं समजून घेणारा दुसरा माणूस भेटला नव्हता. त्यांचा हात हातात घ्यावासा वाटला, पण तो माझ्या तोंडात होता. मग कड् असा आवाज झाला आणि तीन पिढ्यांची परंपरा ताटलीत पडली.

बाहेर येऊन बसलो. तोंडात बोळा, अर्धा चेहरा परक्याचा. ठरवलं, आता पुरे. ग्रुपवर लिहिलं, 'कासव, तुमचंच बरोबर होतं. मी धीर धरायला हवा होता.'

मनापासून लिहिलं होतं. लगेच खाली उमटलं, 'कासव टाइप करत आहे.' बराच वेळ तेच. मग उत्तर आलं, 'टोमणे मारू नका.' आणि पुन्हा टाइप करत आहे.

समोरच्या खुर्चीवर गालाला हात लावून एक आजोबा बसले होते. त्यांनी काउंटरवर विचारलं, अजून किती वेळ? बाई म्हणाल्या, "सर जरा उत्तर देतायत."

आजोबांनी डोळे मिटले. कण्हत मान मागे टेकवली. ते मला बघवेना. मी मोबाइल उघडला आणि ग्रुप सोडला.

क्षणात दार उघडलं. डॉक्टर स्वतः बाहेर आले. वीस वर्षांनी तरुण दिसत होते. "या आजोबा, या," म्हणत त्यांनी आजोबांना आधार दिला. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"अरे, तुम्ही अजून इथेच? फार दुखतंय का?"

मी मान हलवली, हो म्हणून. दाढेची जागा तर अजून ठार बधिर होती.